पितळेचा साप आणि तुरुंगाची कोठडी

शास्त्रपाठ : २ राजे १८:१-७, गणना २१:४-९, प्रे. कृत्ये १६:१९-४०



हिज्कीया राजाने काय काय मोडले याची हकीकत आपण वाचतो तेव्हा उच्च स्थाने, स्तंभ, अशेरामूर्ती यांचे आपल्याला नवल वाटत नाही. मूर्तिपूजेविरुद्ध उठलेला राजा दुसरे काय मोडणार? पण त्याच वचनाच्या शेवटी एक अशी वस्तू येते की तेथे वाचणाऱ्याने थबकावे. मोशेने घडवलेला पितळेचा साप हिज्कीयाने फोडून टाकला. कारण त्याच्या काळापर्यंत इस्राएल लोक त्या सापापुढे धूप जाळीत असत.

हा साप कनानी लोकांकडून आलेला नव्हता. तो देवाच्या आज्ञेने झाला होता. रानात विषारी साप चावून लोक मरत होते, तेव्हा ज्याने वर पाहिले तो जगला. मोशेपासून हिज्कीयापर्यंत कित्येक शतके लोटली. एवढ्या काळात कोणीतरी तो जपला, पुसला, मुलांना दाखवला. ज्या वस्तूमुळे आजोबा-पणजोबा वाचले ती टाकून कोण देईल? प्रथम तो आठवण म्हणून ठेवला असेल, पुढे मान म्हणून, आणि एके दिवशी कोणी तरी त्याच्यापुढे धूप लावला. "आजपासून आपण मूर्तिपूजक झालो" असा ठराव कोणत्याही सभेत झाला नसणार.

वाईट गोष्टीतून वाईट निघाले तर त्यात समजावून सांगण्यासारखे फारसे नाही. दयेतून निघालेली गोष्ट निर्दय कशी होते, सुटकेचे साधन बेडी कसे बनते, हा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि तो विचारांच्या व संस्थांच्या इतिहासात पानोपानी भेटतो. त्यातील एकाच संस्थेविषयी आज लिहावयाचे आहे. ती म्हणजे तुरुंग.

तुरुंगच का, ते सांगतो. आमच्या माळव्यात उज्जैन शहराच्या उत्तरेला क्षिप्रेच्या काठी भैरवगढ नावाची वस्ती आहे. महाराष्ट्रातून महाकालेश्वराला येणारे बहुतेक लोक तिकडेही जातात, कारण तेथे कालभैरवाचे देऊळ आहे. या भागाचा मराठी माणसाशी संबंध जुना. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचे देऊळ पुन्हा उभारले, आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरजवळ लष्करला मुक्काम हलवीपर्यंत उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती. भैरवगढचे छिपा कारागीर कापडावर गरम मेण लावून रंग चढवतात. त्या बाटिकच्या चादरी आणि साड्या तुमच्यापैकी कोणाच्या घरीही असतील. आणि याच भैरवगढात उज्जैनचा मध्यवर्ती तुरुंग आहे.

त्यामुळे येथे दोन रांगा लागतात. एक देवळापुढे, फुले आणि प्रसाद घेतलेल्या लोकांची. दुसरी तुरुंगाच्या दाराशी, मुलाखतीसाठी आलेल्या बायका, म्हातारे आईबाप आणि कडेवरची मुले यांची. पहिल्या रांगेविषयी लिहिणे प्रवचनकाराला सोपे जाते. शेजाऱ्याच्या देवळातील विसंगती दाखवायला फारशी विद्या लागत नाही. मला दुसऱ्या रांगेविषयी बोलावयाचे आहे, कारण ज्या दाराशी ती उभी आहे त्या दाराच्या घडणीत आपल्या ख्रिस्ती पूर्वजांचा हात आहे.

हे ऐकून कोणी दचकेल. पण इतिहास पाहा. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात तुरुंग ही मुख्यतः शिक्षा नव्हती. खटला चालेपर्यंत किंवा कर्ज फिटेपर्यंत माणसाला अडकवून ठेवण्याची ती जागा होती. शिक्षा म्हणजे फटके, डाग, हद्दपारी आणि फाशी. लहानसहान चोरीलाही फाशी होई. अशा काळात १७७३ साली जॉन हॉवर्ड हा इंग्लंडमधील बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. हा मनुष्य देवभीरू. शेरीफचे पद बहुतेकांना मानाचे वाटे, हा मात्र आपल्या ताब्यातील तुरुंग पाहायला गेला. तेथे त्याला अशी माणसे भेटली की, ज्यांना न्यायालयाने निर्दोष ठरवले होते तरी ती आतच होती. कारण जेलरला पगार नसे, कैद्यांकडून मिळणाऱ्या फीवर त्याचे पोट चाले, आणि ती फी भरल्याशिवाय तो कोणालाही सोडीत नसे. निर्दोष, पण पैसे नाहीत म्हणून तुरुंगात! हॉवर्डने घोडा काढला आणि देशभरचे तुरुंग पाहिले. १७७७ साली त्याने तुरुंगांच्या स्थितीवर आपला ग्रंथ छापला. पुढे युरोपभर असाच फिरत असता १७९० साली रशियन साम्राज्यातील खेरसोन येथे तापाने तो वारला. बंदिवानांबरोबर आपणही बंदीत आहो असे समजून त्यांची आठवण करा, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे. हॉवर्डने ते अक्षरशः केले.

त्याच्या मागोमाग अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात क्वेकर आणि इतर ख्रिस्ती गृहस्थांनी १७८७ साली तुरुंगातील दुःख हलके करण्यासाठी एक मंडळ काढले. त्यांचा विचार असा : फटक्यांनी मनुष्य सुधारत नाही आणि गर्दीत तो बिघडतो. मग त्याला एकट्याला, शांत खोलीत, पवित्र शास्त्रासह ठेवावे. जुन्या मठांतील साधू कोठडीत बसून देवाचा शोध घेत, तशी कोठडी या पाप्यालाही मिळावी. तेथे त्याला आपले पाप दिसेल, तो पश्चात्ताप करील. १८२९ साली अशा विचाराचा मोठा तुरुंग तेथे उघडला. त्याला दिलेले 'पेनिटेन्शरी' हे नावच पश्चात्ताप या शब्दावरून आले आहे. प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी, बाहेर न्यायचे झाल्यास डोक्यावर बुरखा, म्हणजे कोणी कोणाला ओळखू नये आणि सुटल्यावर त्याची बेअब्रू होऊ नये. पाहा, केवढा बारीक विचार! यात द्वेष कोठेही नाही.

१८४२ साली इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तो तुरुंग पाहून आला आणि हादरला. हे बांधणाऱ्यांचा हेतू दयेचा होता हे त्याने मान्य केले, पण आपण काय करीत आहोत हे त्यांना कळलेले नाही असे त्याने लिहिले. वर्षानुवर्षे माणसाचा आवाज न ऐकलेली ती माणसे पश्चात्तापापर्यंत पोहोचत नव्हती, त्यांचे मन मोडत होते. त्याच साली लंडनमध्ये पेंटनव्हिल येथे या धर्तीचा तुरुंग उघडला. तेथे उपासनामंदिरही होते, परंतु प्रत्येक कैद्यासाठी लाकडी फळ्यांचा वेगळा कप्पा केला होता. त्यातून त्याला समोरचा उपदेशक दिसे, शेजारचा भाऊ दिसत नसे. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हे चित्र क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. शेकडो माणसे एकाच छपराखाली बसून स्तोत्र गात आहेत, आणि शेजारी कोण आहे हे एकालाही ठाऊक नाही. ही मंडळी कशी म्हणावी?

ती कोठडी पुढे जगभर पसरली. मध्यभागी बुरूज आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघणाऱ्या इमारती, प्रत्येकीत एकेकट्याच्या कोठड्यांच्या ओळी, असा तो नमुना. मराठी वाचकाला तो चांगला परिचयाचा आहे, कारण १९०६ साली पुरे झालेले अंदमानचे सेल्युलर जेल याच घराण्यातले. सात इमारती, सुमारे सातशे कोठड्या. प्रार्थनेसाठी योजलेला एकांत तेथे राजबंदीचा कणा मोडण्यासाठी वापरला गेला. आकार तोच राहिला. त्यातून प्रार्थना केव्हा निघून गेली, याची तारीख कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

आपल्या देशात तर तुरुंगाची आणखी एक गोष्ट झाली. १८३८ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या समितीने कैद्यांना धर्माचे किंवा नीतीचे शिक्षण देण्याची कल्पनाच बाजूला सारली आणि कंटाळवाणे, नीरस काम हीच शिक्षा ठरवली. म्हणजे दया वगळून फक्त भिंती आयात झाल्या. त्यानंतर तुरुंगांचे जे नियम झाले त्यांत स्वयंपाक कोणी करावा आणि संडास कोणी साफ करावेत हे जातीवरून ठरू लागले. कायद्यापुढे सर्व समान म्हणणाऱ्या राज्याने तुरुंगाच्या दारात माणसाची जात विचारून त्याप्रमाणे त्याच्या हाती झारा किंवा झाडू दिला. १९५० साली संविधान आले, त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. तरीही महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश धरून अनेक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये अशा भेदाची कलमे उरली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, आणि तेही सुकन्या शांता या पत्रकार भगिनीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला म्हणून. संविधान होऊन चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. हे वाचून आपण मान हलवावी आणि पुढे जावे असे मात्र नाही. "ख्रिस्तात यहूदी नाही, हेल्लेणी नाही" हा विषय घेऊन आपल्याकडे उत्तम उपदेश होतात, आणि त्याच आठवड्यात स्थळ बघताना बाप्तिस्म्याच्या आधीची जात विचारली जाते. तुरुंगाचे मॅन्युअल निदान छापील होते, म्हणून ते न्यायालयापुढे नेता आले.

आता याची उलट बाजू. दयेची संस्था निर्दय होते, तशी बंदीची जागा कधी कधी शाळा बनते. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. आपल्या घरातले उदाहरण त्याहून जुने आहे. हरि केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलेले पुस्तक मुळात जॉन बन्यनचे. हा बन्यन परवान्याशिवाय उपदेश करतो म्हणून १६६० पासून बारा वर्षे तुरुंगात होता. तो तुरुंग कोठला? बेडफर्डचाच. ज्या परगण्यात शंभर वर्षांनी हॉवर्ड शेरीफ झाला, तोच परगणा.

येथे थोडे सावध राहिले पाहिजे. आपल्या उपदेशांतून असे ऐकू येते की, तुरुंग नसता तर 'यात्रिकक्रमण' नसते, पौलाच्या बेड्या नसत्या तर फिलिप्पैकरांस पत्र नसते, म्हणून जे होते ते बऱ्यासाठीच. मला हे बोलणे पटत नाही. बन्यनला चार मुले होती आणि थोरली मुलगी मेरी आंधळी होती. तिच्या विचाराने आपला जीव कसा फाटत असे हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. तुरुंगात बसून तो नाड्यांना धातूची टोके लावी आणि त्या विकून घर चालवी. देवाने त्याच्या तुरुंगातून पुस्तक काढले, याचे श्रेय तुरुंगाला देऊ नये. योसेफाच्या भावांनाही त्याने सांगितले की, देवाने यातून बरे केले. पण त्यांनी योजले ते वाईटच होते हेही त्याने त्याच दमात सांगितले. आपण पहिला भाग पाठ करतो.

विसंगतीची अशी एक गोष्ट मात्र मला फार आवडते. १९३९ साली औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडीजवळ, स्वतंत्रपूर नावाची वसाहत सुरू झाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले इंजिनियर मॉरिस फ्रिडमन यांनी ती कल्पना उचलून धरली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणारे कैदी तेथे आणले, त्यांना जमीन कसायला दिली, बायकामुलांसह राहू दिले, आणि भोवती भिंत घातली नाही. व्ही. शांतारामांनी याच गोष्टीवरून १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्यातली गाणी सर्वांना पाठ आहेत. पण भिंत काढली तर माणसे पळत नाहीत हे आपल्याच मराठी मुलखात दिसून आल्यावरही खुला तुरुंग आजवर अपवादच राहिला आहे आणि भिंत हाच नियम. करायला गेले एक आणि झाले एक, असे आपण इतर संस्थांविषयी म्हणतो. येथे करायला गेले तेच झाले, आणि तरी कोणी मागोमाग आले नाही.

मग हॉवर्डचे काय झाले? त्याने १७७३ साली पाहिलेला मनुष्य, जो दोषी नाही पण पैसे नाहीत म्हणून आत आहे, तो सुटला का? १९७९ साली हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे बिहारचे कच्चे कैदी आले, तेव्हा दिसले की, काहीजण गुन्हा शाबीत झाल्यावर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ खटल्याची वाट पाहत आत होते. आणि ही केवळ जुनी गोष्ट नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारताच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे. शंभरात पंच्याहत्तर. त्यांतल्या कितीकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. जेलरची फी गेली आणि तिच्या जागी जामिनाची रक्कम आली. दार तेच राहिले.

भैरवगढच्या तुरुंगाचे नाव २०२३ साली वर्तमानपत्रांत गाजले ते आणखी निराळ्या कारणाने. तेथील कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून कोट्यवधी रुपये लाटल्याचा आरोप झाला आणि वरिष्ठांनाही अटक झाली. कुलपे सांभाळणाऱ्या शिपायांची आयुष्याची पुंजी कुलपाच्या आतूनच गेली. त्यावर जास्त लिहीत नाही, न्यायालयाचे काम न्यायालय करील. इतकेच की, भिंतीच्या आत कोण राहील हे भिंत ठरवू शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या पुष्कळ मंडळ्या नाताळात तुरुंगभेटीला जातात. परवानगी काढतात, फळे आणि केक नेतात, तरुणसंघ गाणी म्हणतो, पाळकसाहेब लहानसा संदेश देतात, फोटो निघतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने जे सांगितले त्याला अनुसरून ही रीत पडली आणि ती चांगली आहे. पण भेटीच्या हिशेबात कोणत्या गोष्टी येतात ते वार्षिक अहवालात पाहावे : किती पाकिटे वाटली, किती शुभवर्तमाने दिली. कितीजणांना जामीनदार मिळवून दिला, कोणाच्या मुलाची शाळेची फी भरली, सुटून आलेल्या कोणाला कामावर ठेवले, असे रकाने मी तरी अहवालात पाहिलेले नाहीत. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी गरीब आरोपीला फुकट वकील देणारे विधी सेवा प्राधिकरण आहे. आपल्या मंडळ्यांत वकील आहेत, निवृत्त कारकून आहेत, अर्ज नीट लिहू शकणाऱ्या शिक्षिका आहेत. नाताळची भेट हा आपला पितळेचा साप झाला आहे काय? ती धूप जाळण्याची जागा झाली असेल, तर हिज्कीयाने काय केले ते पुन्हा वाचावे लागेल.

त्याने साप फोडला, आणि त्याला नाव ठेवले नहुश्तान. पितळेचा तुकडा, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला लोक शक्ती समजत होते त्याला त्याने धातू म्हटले. पण हिज्कीयाने मंदिर फोडले नाही, हेही पाहावे. उलट २ इतिहास २९ मध्ये आहे की, बंद पडलेली मंदिराची दारे त्याने पहिल्याच वर्षी उघडली आणि दुरुस्त केली. सर्व संस्था मोडा म्हणणारा तो नव्हता, आणि जुने ते सर्व पवित्र म्हणणाराही नव्हता. याहून विलक्षण म्हणजे, फोडलेला तो साप पुढे प्रभू येशूने निकदेमाशी रात्री बोलताना पुन्हा उचलला, स्वतःच्या वधस्तंभाविषयी सांगण्यासाठी. धातू गेला होता. ज्याकडे वर पाहून माणूस जगतो ते गेले नव्हते.

आणि शेवटी फिलिप्पैचा तुरुंग. संडेस्कूलमध्ये हा पाठ आपण दरवर्षी घेतो. मध्यरात्रीचे गाणे, भूकंप, उघडलेली दारे, इथे मुलांचे डोळे मोठे होतात आणि बहुधा घंटा वाजते. पुढचे राहून जाते. बंदिशाळेच्या नायकाने त्याच रात्री पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या. फटके मारणारे हात दुसऱ्यांचे होते. पण त्या जखमांकडे लक्ष न देता ज्याने त्यांना आतल्या बंदिखान्यात घालून पाय खोड्यात अडकवले तो हाच. बाप्तिस्म्याच्या आधी त्याने पाणी आणले ते या जखमांसाठी. मग त्याने त्यांना आपल्या घरात नेऊन जेवू घातले.

सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकडून निरोप धाडला की, त्या माणसांना सोडून द्या. नायकाला आनंद झाला, त्याने पौलाला शांतीने जाण्यास सांगितले. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला न्यावे, असे त्याने कळवले. अधिकारी घाबरले, स्वतः आले, विनवण्या करून त्यांना बाहेर घेऊन गेले. तेथून ते दोघे लुदियेच्या घरी गेले, बंधुजनांना भेटले, त्यांना धीर दिला आणि मग गाव सोडला.